काठाचे दात आणि तीन वायरी

माझ्या लेकीने लग्नात आजीच्या लुगड्यासारखंच लुगडं नेसावं, हा बाबांचा हट्ट. बाबा जन्माचे विणकर. हातमाग अजून मागच्या खोलीत आहे. पण आईला शेवटचा निरोप दिला तो तेच लुगडं नेसवून. आणि त्याच्या करवती काठाचे दात बाबा विसरले. मोठा दात कुठे, बारका कुठे, काही केल्या आठवेना. उरली फक्त माझ्या लग्नाची कॅसेट. त्यात आई मला ओवाळतेय आणि तिचा काठ अगदी जवळून दिसतो.

सक्करदऱ्याच्या एका जुन्या शूटिंगवाल्याकडून व्हीसीआर आणला. आधी अँटेनाची वायर लावली. नुसत्या मुंग्या! मग पिवळी पिन. चित्र बरं आलं, पण काठाचा लाल रंग असा फुटला की दात कुठले, सगळा चिखल. बाबांचा चेहरा पडला. मला ते बघवेना.

तिसरी वायर चार बारीक काड्यांच्या गोल पिनेची. शूटिंगवाला म्हणाला होता, हिच्यासारखं साफ चित्र दुसरं नाही. आमच्या टीव्हीला तसं भोकच नाही, म्हणून धरमपेठेतून जोड आणला. लावला, तर सगळं काळंपांढरं! डोकंच फिरलं माझं. दुकानदाराला शिव्या घालत वायर उपटायला गेलो.

"राहू दे गा! हात नको लावू," बाबा ओरडले.

"अहो, पण रंगच गेला ना!"

"रंग मले पाठ हायेत. दात पाहू दे."

आणि खरंच, लाल रंग गेला तसा काठ मोकळा झाला होता. एक मोठा, दोन बारके, पुन्हा एक मोठा. मी चित्र थांबवून धरलं आणि बाबांनी चौकटीच्या वहीत पेन्सिलने एकेक दात भरला. इतके खूश मी त्यांना आई गेल्यापासून पाहिले नव्हते.

"झालं. आता चालू दे."

मी बटण दाबलं. कॅमेरा काठावरून वर आईच्या तोंडावर गेला, तशी आई शूटिंगवाल्यावर करवादली, "माह्या काठाची काय शूटिंग करून राहिला गा? नवरदेवाकडे पाह्य ना!"

बाबा टीव्हीकडे बघून हसले. "करू दे वं त्याले," म्हणाले.