निल म्हणजे निळं

घनसावंगीजवळच्या एका उपकेंद्रात शिवकन्याबाई खरात नर्स आहेत. वय चोवीस. बाळंतपणं करतात, लसी टोचतात. पाच वर्षांपूर्वी, १९७३ साली, त्या जालन्याच्या एका इस्पितळात नर्सिंगच्या मोठ्या कोर्सला होत्या. तो अर्धवट राहिला. कारण विचारलं की त्या एका शब्दाची हकिकत सांगतात.

कोर्स तीन वर्षांचा. वर्गात बोलणं मराठीत, पण पुस्तकं, रुग्णांचे कागद आणि परीक्षा इंग्रजीत. शिवकन्याबाई मॅट्रिकला इंग्रजीत काठावर पास झालेल्या. गावच्या बौद्धवाड्यातून नर्सिंगला गेलेली ही पहिली मुलगी. बस सुटेपर्यंत सगळा वाडा थांब्यावर उभा होता.

सातव्या महिन्यात केदारखेड्याच्या सोनूबाई हर्नियाच्या ऑपरेशनसाठी भरती झाल्या. कागदावर सर्जननी लिहिलं होतं, 'निल बाय माउथ'. म्हणजे ऑपरेशन होईपर्यंत तोंडानं काही द्यायचं नाही. पण त्याच आठवड्यात शिवकन्याबाईंनी तोंड आलेल्या दोन मुलांच्या जिभेला जेन्शन व्हायोलेट लावलं होतं, आणि त्या जांभळ्या औषधाला वॉर्डात सगळे 'नीळ' म्हणत. त्यांनी कापसाचा बोळा भिजवला आणि सोनूबाईंचं तोंड आतून रंगवलं.

"पोरी, दुखणं पोटाला अन् दवा तोंडात?" सोनूबाई म्हणाल्या.

"डॉक्टरांनी लिहून दिलंय, मावशी."

"लई कडू हाय. मंग घोटभर चहा तरी दे."

चहाही दिला. टेबलावर घेताना सर्जनना जांभळे ओठ दिसले, चौकशीत चहा निघाला, ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. सोनूबाई बऱ्या होऊन घरी गेल्या. शिवकन्याबाईंना लेखी समज मिळाली, एवढंच. होस्टेलमध्ये मात्र नाव पडलं, नीळकन्या. जेवायला बसलं की कोणीतरी वाटी पुढं करी. "ए नीळकन्या, वरण बाय माउथ घेतीस का?"

वर्षअखेरची परीक्षा दीड महिन्यावर आली. शिकवणाऱ्या ताराबाईंनी त्यांना बोलावून घेतलं. "तुझा हात चांगला आहे. अडतंय ते इंग्रजीत. रोज चार वाजता माझ्या खोलीवर ये, दहा शब्द करू."

"येते बाई," शिवकन्याबाई म्हणाल्या, आणि गेल्या नाहीत. ताराबाईंची खोली होस्टेलच्या व्हरांड्याच्या टोकाला होती. तिथं जायचं तर सगळ्या पोरींच्या दारांवरून जावं लागे. बाईंनी दोनदा निरोप पाठवला. एकदा त्यांनी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, एकदा काहीच सांगितलं नाही. पूर्वी अडलेला शब्द त्या कुणालाही विचारत. तेही थांबलं.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करावं, हा प्रश्न पंधरा गुणांचा होता. ते काम त्या रोज करत. पण पेपरात त्या जखमांना मोठं, अनोळखी नाव होतं. तो प्रश्न कशाबद्दल होता हे त्यांना बाहेर आल्यावर कळलं.

त्या नापास झाल्या. पुन्हा बसता आलं असतं. त्या गावी निघून आल्या आणि वर्षानं मराठीतला लहान कोर्स केला. वॉर्डाची सिस्टर व्हायचं होतं, ते त्यातून होता येत नाही.

"हसणाऱ्या पोरींची नावंबी आता आठवत न्हाईत," त्या म्हणतात. "एकट्या ताराबाई हसल्या न्हाईत. अन् मी त्यांच्याकडंच गेले न्हाई."