आजींनी काटा उचलेपर्यंत

सोलच्या मांगवॉन बाजारात मासळीवाल्यांची रांग संपते तिथे गुमोकचं तोंडीलावण्यांचं दुकान आहे. परतलेला पालक, सोयात शिजवलेले कमळकाकडीचे काप, तिखटात मुरवलेले खेकडे, आणि किमची तर विचारूच नका किती परींची. अर्धा बाजार तिच्या हातचं खाऊन जगतो. ती स्वतः मात्र ओट्याशी उभी राहून, भांड्याच्या तळाला उरलंसुरलं असेल ते थंडगार भातावर घेते आणि चार घासांत उरकते. "बसून जेव गं आई," असं सांगून सांगून लेकीचा, ईसुलचा, घसा कोरडा पडला. गुमोकचं ठरलेलं उत्तर असतं, "बसलं की पायाला मुंग्या येतात." साफ खोटं. ही सगळी सासूच्या राजवटीतली खोड. सासू वर गेली, नवरा गेला, खोड तेवढी राहिली.

तर या ईसुलचं ग्युजिन नावाच्या मुलाशी सूत जुळलं. ती बालवाडीत शिकवते, तो घरांचे नकाशे काढतो. मुलगा गुणी, नाव ठेवायला जागा नाही. पण आमच्या सोलमध्ये पोरापोरींनी ठरवलं म्हणून लग्न होत नसतं. दोन्ही घरांना एका टेबलाशी बसून एकदा जेवायला लागतं. ते जेवण पार पडलं की मग तारीख, मग पत्रिका. त्या जेवणात फिसकटलेली लग्नं बाजारातल्या बायका नावानिशी सांगतात. आणि इथे तर मुलाच्या घरात आजी. तिच्या होकाराशिवाय त्या घरात पान हलत नाही, असं ग्युजिनच हसत हसत सांगून गेला होता. गुमोकला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

जागा मुलाकडच्यांनी ठरवली. हाननामच्या टेकडीवरचं, वरच्या मजल्यावरचं फ्रेंच हॉटेल. झालं. आठवडाभर गुमोकच्या जिवाला चैन नाही. पालकात दोनदा मीठ घातलं, एकदा घातलंच नाही. आदल्या दिवशी ईसुलने तिला खारवलेल्या बांगड्यावर काट्या-सुरीचा सराव करायला बसवलं, तर बांगडा निसटून भिंतीवरच्या कॅलेंडरला जाऊन चिकटला.

"आई, तिथे कुणाच्या ताटात काही वाढायचं नाही," ईसुलने बजावलं.

"विहिणीच्या सुद्धा?"

"विहिणीच्या तर मुळीच नाही."

"मग माया दाखवायची कशी?"

"तोंडाने. दोन शब्द बोलून."

"मघाशी म्हणालीस, जास्त बोलू नकोस."

"दोन म्हणजे दोनच. आणि मुख्य म्हणजे, आजींनी काटा उचलल्याशिवाय..."

"ते तू मला शिकवतेस?" गुमोकने कॅलेंडरवरचा बांगडा सोडवत विचारलं. "मला?"

मोठ्या माणसाने पहिला घास घेतल्याशिवाय बाकीच्यांनी ताटाला हात लावायचा नाही, हे आमच्याकडे मूल दात येण्याआधी शिकतं.

शनिवारी दुपारी दोघी निघाल्या. गुमोकने लसणाचा वास जावा म्हणून हातांना लिंबू चोळचोळ चोळलं होतं, तरी रस्ताभर ती बोटं हुंगत होती. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. भूक होती, पण भीती तिच्या वर बसली होती. आपल्या हातून काही वेडंवाकडं होईल आणि पोरीचं लग्न मोडेल, एवढंच तिच्या डोक्यात घोळत होतं.

वर पोचल्या तेव्हा ती मंडळी आधीच येऊन बसली होती. काचेबाहेर खाली नदी, आत पांढऱ्या चादरीचं टेबल. मधोमध आजी, फिकट हिरवं रेशमी जाकीट, पाठ ताठ, वय नव्वदीकडे झुकलेलं. तिच्या एका बाजूला मुलगा, म्हणजे ग्युजिनचे वडील. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावणारा हा दातांचा डॉक्टर आईसमोर स्वतःचं तोंड उघडत नव्हता. दुसऱ्या बाजूला वरमाई. नाजूक, गोरी, कानात मोती. गुमोकला वाटलं, या बाईने जन्मात कधी भांडं घासलं नसेल. ग्युजिन शेवटच्या खुर्चीत. नमस्कार झाले, हवापाण्याच्या गोष्टी झाल्या आणि पहिली ताटली आली.

ताटलीत घासभर काहीतरी, वर एक पान. वेटरने त्याचं नाव-गाव सांगितलं आणि तो बाजूला झाला. सगळ्यांनी आजीकडे पाहिलं. आजीचे दोन्ही हात मांडीवर होते. म्हणून सगळ्यांचे हात मांडीवर.

"आई, घ्या ना," डॉक्टर म्हणाले.

"येऊ दे सगळं," आजी म्हणाली.

ती ताटली तशीच परत गेली आणि सूप आलं. छान वाफ येत होती. आजीचे हात मांडीवरच. वेटर आला, पाहून गेला. पुन्हा आला आणि त्याने वाकून विचारलं, "काही कमी-जास्त झालं का?" वरमाई घाईघाईने म्हणाली, "नाही नाही, सगळं उत्तम आहे." उत्तम काय होतं, देव जाणे. कुणी चाखलंच नव्हतं.

गुमोकला आधी आजीची कीवच आली. तिला वाटलं, म्हातारी भाताची वाट बघतेय. आपल्याकडे सगळं एकदम मांडलं जातं, भात आला की चमचा उचलायचा. या साहेबी जेवणाचं एकेक करून येणं तिला कसं ठाऊक असणार? मनातलं निम्मं भय उतरलं. चला, आपल्यासारखंच कुणीतरी आहे इथे. तिने वाट्याला आलेल्या दोन शब्दांतले थोडे खर्च केले.

"आजी, इथे म्हणे एकामागून एक आणतात. भात नसतोच यांच्यात."

आजीने तिच्याकडे शांतपणे पाहिलं. "माहीत आहे मला. वसंतात इथेच माझा वाढदिवस केला होता यांनी. तेव्हाचं सूप जरा बरं होतं."

वरमाईचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "आई, दुसरं आणायला सांगू?"

"मी काही म्हटलं का?" आजी म्हणाली.

हे 'मी काही म्हटलं का' गुमोकच्या कानात तापलेल्या तेलासारखं गेलं. किती ओळखीचं वाक्य ते. तिची सासू चमचा उचलायची, रश्शाचा एक थेंब चाखायची आणि चमचा पुन्हा खाली ठेवायची. काय झालं, आई? मी काही म्हटलं का? की सगळं घर उपाशी बसायचं आणि गुमोक चुलीकडे धावायची. मीठ बघ, तिखट बघ, दुसरं कालवण टाक. सगळ्यांचं होऊन तिच्या वाट्याला यायचं ते थंड, उभ्याने. म्हणजे ही आजी भाताची वाट बघत नव्हती. हिला सगळं कळत होतं.

मंडळी, इथून पुढे गुमोकचं बसणं कठीण झालं. पाय टेबलाखाली नुसते चाळवत होते. समोर सूप निवत होतं, त्यावर साय धरत होती, आणि दुसऱ्याच्या हातचं अन्न असं वाया जाताना पाहून तिचा जीव वरखाली होत होता. पण करते काय? लेकीचं लग्न त्या म्हातारीच्या हातात.

सूप तसंच परत गेलं आणि मासा आला. लोण्यात परतलेला, कडेला पिवळी कढी. त्या वासाने गुमोकच्या पोटाने आवाज केला, बहुतेक सगळ्यांनी ऐकला. आजी ईसुलकडे वळली.

"बालवाडीत शिकवतेस म्हणे."

"हो, आजी."

"लग्नानंतर?"

ईसुलने ग्युजिनकडे पाहिलं. हे बोलणं त्याने करायचं ठरलं होतं. नोकरी चालू ठेवायची, हे घरी मी सांगेन, तू काळजी करू नकोस, असं त्याने किमान दहा वेळा सांगितलं असेल. ग्युजिन माशाकडे बघत होता.

"शिकवणार आहे, आजी," ईसुलच म्हणाली. "मला आवडतं."

"बरं," आजी म्हणाली आणि तिने हात मांडीवर नीट जुळवून घेतले. आता काही ती लवकर जेवत नव्हती.

स्वयंपाकघराच्या दारात पांढऱ्या कोटातला एक हडकुळा माणूस येऊन उभा राहिला. तो यांच्याच टेबलाकडे बघत होता, हात पुसत. त्याने तीन पदार्थ पाठवले होते, दोन तसेच परत आले, तिसऱ्याला कुणी शिवत नव्हतं. गुमोकला त्याच्याकडे बघवेना. म्हणून तिने वरमाईकडे पाहिलं. मोती घातलेली ती बाई आजीच्या उजव्या हाताकडे टक लावून बसली होती. आता हलेल, मग हलेल. ओठांवरचा रंग जरासुद्धा पुसला नव्हता. मग गुमोकने आपल्या लेकीकडे पाहिलं. ईसुलही तसेच हात जुळवून, तशीच मान पुढे काढून, आजीच्या त्याच हाताकडे बघत होती.

 लेकीला या घरच्या सुनेची जी खुर्ची मिळावी म्हणून गुमोक आठवडाभर झुरत होती ती खुर्ची समोरच होती आणि तिच्यात वरमाई बसली होती.

गुमोकने काटा उचलला.

सुरीची भानगडच केली नाही. माशाचा मोठा तुकडा काट्याने मोडला, कढीत बुडवला आणि तोंडात घातला. 

"छान झालाय," गुमोक म्हणाली. "अजून कोमट आहे. ईसुल, खा."

"बाजारात अशीच रीत असते वाटतं," आजी म्हणाली. आवाज जराही चढला नाही.

"हो, आजी. बाजारात भूक लागली की जेवतात." गुमोकने काटा हातातच ठेवला. "तुम्ही मोठ्या. तुम्हाला मान आहे, कोण नाही म्हणतंय? पण मान घ्यायचा आणि सगळ्यांना उपाशी ठेवायचं, हे मी एका घरात पोटभर पाहिलंय. पुन्हा बघवत नाही मला."

शेवटच्या खुर्चीत ग्युजिनने काटा उचलला. ईसुलने ते पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर क्षणभर असं काही आलं की गुमोकला वाटलं, निभावलं.

"ग्युजिन," आजी म्हणाली. नुसतं नाव.

ग्युजिनने काटा खाली ठेवला. सावकाश, आवाज न करता.

ईसुल त्या काट्याकडे थोडा वेळ बघत राहिली. मग तिने स्वतःचा काटा घेतला आणि मासा खाल्ला. शांतपणे, आईला शिकवलं होतं तसं सुरीने कापून, सगळा. आणि तिचं निम्मं होतंय तोवर आणखी एका ताटलीत सुरी वाजली. वरमाई जेवत होती. तिने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. डॉक्टर नदीकडे बघत बसले.

निघताना, कोट घ्यायच्या जागी, वरमाईने गुमोकचा हात धरला. "विहीणबाई," ती हळूच म्हणाली, आणि मग काय बोलावं तिला सुचेना. "मासा चांगला होता."

"होता ना?" गुमोक म्हणाली. लसणाचा वास येणारा तो हात सोडायला वरमाई विसरूनच गेली.

टेकडीचा उतार दोघी मायलेकी मुकाट उतरल्या. खाली आल्यावर गुमोकला राहवेना. "घाण केली मी. माझ्या जिभेला हाड नाही. उद्या जाऊन पाया पडते आजींच्या, दुकान बंद ठेवते, तू म्हणशील ते करते."

"भूक लागलीय," ईसुल म्हणाली.

समोर एक लहानसं दुकान होतं. सोयाबीनच्या मोडांचं गरम सार आणि त्यातच भात, एवढंच मिळतं तिथे. दोघी शिरल्या. टेबल हलत होतं, त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी होती.

"आपली आजी गेली ना, त्या आठवड्यात एकदा मी शाळेतून आले तर तू टेबलाशी बसून जेवत होतीस," ईसुल म्हणाली. "गरम भात होता. आणि तू रडत होतीस. मला वाटलं, आजीसाठी रडतेस."

गुमोकने टेबलाखालची पुठ्ठ्याची घडी पायाने सारखी केली.

"आज कळलं मला," ईसुल म्हणाली. "ग्युजिनला मी उद्या सांगते. नाही जमणार."

"पोरगा वाईट नाही गं."

"वाईट नाहीच आहे. भूक लागली होती त्याला. घास हातात होता." तिने डोळे पुसले. "खाल्ला नाही."

दुकानवाल्या बाईने दोन वाडगे आणून ठेवले, उकळते, कडेवरून सांडणारे. गुमोक वाफेकडे बघत राहिली. पोरीचं लग्न आपण मोडलं की पोरीला सोडवून आणलं, हे तिचं तिलाच कळत नव्हतं, आणि दोन्हींचं सारखंच रडू येत होतं. बऱ्याच वेळाने तिचं लक्ष गेलं. ईसुल जेवत नव्हती. हात मांडीवर ठेवून बसली होती.

"जेव की. निवतंय."

"तू घे आधी," ईसुल सहज म्हणाली.

गुमोकने आपल्या चमच्याकडे पाहिलं. तो अजून टेबलावरच पडला होता. या टेबलाशी आता मोठी तीच होती. तिने चमच्याला हात लावला नाही.

"माझी वाट बघू नकोस," ती म्हणाली. "आज नाही आणि पुढेही नाही. तुझं तू जेव बाई."

ईसुल घुटमळली. मग तिने चमचा भरला, फुंकर घातली आणि घास घेतला. तो तिच्या गळ्याखाली उतरलेला पाहिला, तेव्हा गुमोकने खुर्ची पुढे ओढली आणि तीही जेवायला लागली.