दुसऱ्यांदा बसवलेला खुबा

सासूबाईंचा खुब्याचा सांधा पहिल्यांदा बदलला तो १९९९ साली. आठ वर्षांनी त्यातली वाटी सैल झाली. चालता चालता मांडी धरून थांबायच्या. पुण्यातल्या डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून स्पष्टच सांगितलं. दुसऱ्या वेळचं ऑपरेशन पहिल्यासारखं नसतं. हाड कमी उरलेलं असतं, स्नायू पुन्हा कापावे लागतात, सांधा निसटायची भीती जास्त. तीन महिने जमिनीवर बसायचं नाही, मांडी घालायची नाही.

सासूबाईंचा एकच प्रश्न. "भाताच्या आवणीला बांधावर हुबी ऱ्हाईन का?"

"नियम पाळलेत तर राहाल."

ऑपरेशन करून मुळशीला परत आणल्यावर मी पलंगाच्या चारही पायांखाली विटा लावल्या, कमोडची खुर्ची आणली, नियमांचा कागद भिंतीवर चिकटवला. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या आधी वॉकर सुटून हातात काठी यावी, एवढंच डोक्यात होतं. सहाव्या आठवड्यात त्या ओट्यापर्यंत यायला लागल्या.

सातव्या आठवड्यात त्यांचे थोरले दीर विचारपूस करायला आले. मी खुर्ची पुढे केली तर नको म्हणाले, सतरंजीवर बसले. "काय गं, दुसऱ्यांदा खोललं म्हनं तुला? आमच्या ट्रॅक्टरचं बी एवढं काम निघालं न्हाई."

सासूबाई पदराआड हसल्या, पण खुर्चीत चुळबुळायला लागल्या. थोरले दीर खाली आणि आपण वर, असं त्यांच्या हातून जन्मात घडलं नव्हतं. आमच्या घरात ते चालत नाही. खरं तर मलाही ते खुपत होतं.

"पाट दे गं," त्या हळूच म्हणाल्या.

मी चहाचा कप बाजूला ठेवला आणि पाट मांडला. हात धरून खाली बसवलं तेही मीच.

आवाज वगैरे झाला नाही. त्या ओरडल्या. पाय आत वळला आणि बघता बघता आखूड दिसायला लागला.

गादीसकट जीपमध्ये घातलं आणि चांदणी चौकातून पुण्याच्या दवाखान्यात नेलं. भूल देऊन सांधा जागेवर बसवला. तीन आठवड्यांनी कूस बदलताना पुन्हा निसटला. पुन्हा बसवला. मग कमरेपासून मांडीपर्यंत पट्टा.

तपासणीला गेलो तेव्हा आवणी ऐन भरात होती. जीपमधून दोन्ही बाजूंना वाकलेल्या बायका दिसत होत्या. सासूबाई समोर बघत बसल्या.

"आता परत उघडण्यात अर्थ नाही, तेवढं हाडच उरलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "घरातल्या घरात वॉकर घेऊन चाला. बांधाचं विसरा, आजी." मग फाईल उघडून विचारलं, "पहिल्यांदा निसटला, तेव्हा नक्की काय झालं होतं?"

"मोरीत पाय घसारला," सासूबाई म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. मी पुढची तारीख विचारली आणि वॉकर उघडून त्यांच्यापुढे ठेवला.