थोरलीचे दोन सुळे

थोरलीनं एकदा सासू-सासऱ्यांचं भांडण दाराआडून ऐकलं. धाकट्या दिराचं लग्न होऊन तेव्हा आठच दिवस झाले होते.

"फोटोत धाकटीला पुढं बसवा," सासू म्हणत होती.

"अगं, मान थोरलीचा!"

"मान फोटोत दिसत नाही. तिचे वेडेवाकडे दात दिसतात."

सासू जिंकली. फोटोत थोरली मागं, ओठ घट्ट मिटून. तेव्हापासून धाकटीचं हसू तिच्या डोळ्यांत सलत राहिलं.

पुढं दोघींची वयं झाली. धाकटीचे मोत्यांसारखे दात किडले, ठणकले, एकेक करून गेले. दातांचा डॉक्टर लांब, आणि गरिबाच्या दाढेला औषध एकच, पकड. थोरलीचेही गेले, पण खालचे दोन सुळे मात्र खुंट्यासारखे घट्ट उरले. ती मुद्दाम धाकटीसमोर पेरूवर ओरखडे काढत बसायची. खाता येत नव्हता, पण दाखवता येत होता ना!

मग सरकारी दवाखान्यात दातांची खोली निघाली. म्हाताऱ्यांना कवळी फुकट. महिन्याभरात धाकटी तोंडभर दात घेऊन अंगणात आली आणि हसली. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्याच दिवशी तिनं दवाखाना गाठला.

"आजी, तुम्हाला नाही मिळणार," कारकून म्हणाला. "तोंडात एकही दात नको, असा नियम आहे."

ज्यांच्या जोरावर मिरवलं, तेच सुळे आडवे आले. थोरली तडक डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत जाऊन बसली.

"काढा दोन्ही."

"हे तर पक्के आहेत! कशाला काढायचे?"

"जावेला कवळी मिळाली म्हणून."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. "अहो, या दोन दातांच्या आधारानं कवळी उलट घट्ट बसते. चांगले दात उपटायला लावणारा नियमच चुकीचा आहे."

"मग नियम उपटा की!"

बाईंनी कागद पुढं ओढला. मग म्हणाल्या, "मी वर पत्र लिहिते. पण एकटीच्या पत्राला कोण विचारतं?"

थोरली बाहेरच्या रांगेत शिरली. "तोंड उघडा," म्हणत एकेकाला तपासलं. दोन-तीन दातांचे सतरा जण निघाले; त्या सगळ्यांचे अंगठे तिनं बाईंच्या पत्राखाली घेतले. एका म्हाताऱ्या पहारेकऱ्यानं कवळीपायी चार धड दात आधीच काढून घेतले होते. त्याचाही अंगठा घेतला.

"कशाला उठाठेव?" धाकटी म्हणाली. "काढून टाका ना, जाऊबाई."

"तू बोलू नकोस. तुझी कवळी खिडकीतून मिळाली. माझ्या दातांची गोष्ट मोठ्या साहेबाच्या टेबलावर गेलीय!"

वर्षभर ती चेचून खात राहिली, पण सुळ्यांना हात लावू दिला नाही. मग हुकूम आला: ज्याला चावता येत नाही त्याला कवळी, दात किती का असेनात. पहिली कवळी थोरलीला बसली. घरी येऊन तिनं पेरू खाल्ला, धाकटीच्या दारात बसून, बियांसकट.

नंतरही दर सोमवारी ती दवाखान्यात जाऊन गल्लीतल्या म्हाताऱ्यांसाठी नंबर लावायची. ती देवाघरी गेली त्याच्या आदल्या दिवशीही सोमवारच होता. धाकटीची कवळी सैल झाली होती, हिचीही जरा टोचत होती. पहाटे उठून तिनं दवाखान्यातून नंबराच्या दोन चिठ्ठ्या आणल्या. नऊ नंबरची स्वतःच्या मुठीत ठेवली आणि दहा नंबरची धाकटीच्या हातात दिली.