वणव्याचा पत्ता

माझ्या गठ्ठ्यात 'वणवा' नावाचा एक पत्ता होता आणि त्यावरून सगळे माझी टर उडवत. जादूगार, राक्षस आणि सैनिकांच्या लढाईचा हा पत्त्यांचा खेळ आम्ही चौघं शुक्रवारी दुपारी भिवंडीतल्या एका यंत्रमाग कारखान्यात खेळतो. शुक्रवारी लूम बंद असतात, त्यामुळे एकमेकांचं बोलणं ऐकू येतं. कारखानदारकाका, खेळ घरी आणणारी त्यांची कॉलेजातली मुलगी, अंबाडीचा टेम्पोवाला आणि शेलारहून येणारी मी, गोदामातली सुपरवायझर.

वणवा टाकला की टेबलावरचे सगळ्यांचे सैनिक जळतात, टाकणाऱ्याचेही. वर त्याचे जितके सैनिक जळतील तितके त्याचे जीव कमी. "ताई, यात फायदा न्हाय, आपलंच घर जलतं," टेम्पोवाला दर वेळी सांगायचा. दोनदा माझं जळलंही होतं, खोटं कशाला बोलू? पण मी हट्टी.

त्या शुक्रवारी ठरलं होतं, जिंकेल तो ठाण्यातल्या या खेळाच्या स्पर्धेला जाईल. जागा एकच. मला जायचंच होतं. पंचेचाळीस वर्षांत मी कशातही पहिली आले नव्हते, साध्या संगीत खुर्चीतसुद्धा नाही.

माझी अवस्था वाईट होती. तीन जीव आणि दोन मरतुकडे सैनिक. बाकीच्यांनी टेबल भरून टाकलं होतं. एक लूम रिकामा उभा राहिला तरी काकांचा जीव कासावीस होतो आणि हातात पत्ता ठेवणंही त्यांना तसंच वाटतं. आला की मांडला. त्यांचं बघून बाकी दोघंही तसेच खेळायला लागले होते. इतक्या कमी जिवांवर मी वणवा टाकणार नाही, असं तिघं धरूनच चालले होते.

नियम असा, की ज्याच्यापाशी सैनिक नाही आणि हातात पत्ताही नाही, तो बाद. दोघांचे हात मोकळे झाले होते. काकांकडे एक पत्ता उरला होता.

"काका, तो काय अंडं उबवायला ठेवलाय?" मी म्हणाले.

"डरतो कोण? हे घे!" म्हणत त्यांनी शेवटचा सैनिक टेबलावर आपटला.

माझी पाळी आली. मी वणवा मांडला. त्यांचे सगळे सैनिक गेले. माझे दोन्ही गेले आणि दोन जीवही गेले. मला उरला एक जीव, आणि हातात एक शिकाऊ धनुर्धर, अख्ख्या खेळातला सगळ्यात फालतू पत्ता.

मुलीने नियम मोठ्याने वाचला, मग पुन्हा एकदा वाचला.

"अब्बा, आपण तिघं एकदम बाद!"

"सगला जलला की वो!" टेम्पोवाला ओरडला.

मी उभी राहून स्वतःसाठीच टाळ्या वाजवत होते. लाज अजिबात वाटली नाही.

काकांनी हसत हसत स्पर्धेचा फॉर्म पुढे सरकवला. माझं नाव भरायला मुलीने पेन उघडलं. मी ते तिच्या हातातून घेतलं आणि पूर्ण नाव, आडनावासकट, मोठ्या अक्षरांत मीच लिहिलं.