बाटलीवरचा रबरबँड

आमचे दाजी वैजनाथ लासूरकर दुधाच्या पिशवीवरची तारीख दोनदा वाचतात, एकदा दुकानात आणि एकदा घरी आल्यावर. मधल्या रस्त्यात ती बदलते की काय, असं मी एकदा विचारलं होतं. तेव्हा त्यांनी अशा नजरेनं पाहिलं, की जणू तारीख बदलणारा मीच.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, यमुनाताईचे यजमान. पडेगावात त्यांचं रो-हाऊस आहे आणि दोन गल्ल्या सोडून माझं घर. निवृत्त होईपर्यंत ते विम्याचे सर्व्हेअर होते. ठोकलेल्या गाड्या, जळालेली गोदामं, भिजलेला कापूस बघायचा आणि नुकसान सांगितलं किती, झालं किती, ते ठरवायचं. लोक खोटं बोलतात, यावरच त्यांचं घर चाललं. पगार थांबला तरी संशय थांबला नाही. भाजीवाल्याचा काटा, गॅस सिलिंडरचं वजन, लग्नाच्या पंगतीतलं साजूक तूप, सगळ्याचा सर्व्हे होतो. मला या गोष्टीचा मनापासून वैताग आहे. तरीही दर रविवारी संध्याकाळी मी त्यांच्या गच्चीवर असतो, कारण रविवारी दाजी दोन पेग घेतात आणि एकट्यानं पिणारा माणूस त्यांना स्वतःलाच संशयास्पद वाटतो.

त्यांची एकुलती एक मुलगी मनस्विनी वाळूजला औषधांच्या कंपनीत होती. तिथं तिला सिल्लोडचा सत्यम काकडे भेटला. घर शेतकऱ्याचं, वडील सर्जेराव कापसाचा आणि मक्याचा व्यापारही करतात. मुलीनं नाव सांगितलं तसे दाजी काही न बोलता एसटीनं सिल्लोडला गेले आणि कापूस विकायला आलेला माणूस बनून सर्जेरावांच्या दुकानात तासभर बसले. चहा घेतला, भाव विचारले, शेजाऱ्यांकडं चौकशी केली, परत आले. तक्रारीला जागा सापडली नाही, म्हणून नाइलाजानं होकार दिला. लग्नात अक्षता पडल्यावर सर्जेराव त्यांच्या कानाशी येऊन म्हणाले, "साहेब, तो कापूस कवा आणताय मग?" त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. दाजींच्या हाताला बोंडाचा एक ओरखडा नव्हता. सगळे हसले, दाजी सोडून.

लग्नानंतर जोडपं आयर्लंडला गेलं, कॉर्कला. पहिल्या डिसेंबरात सत्यमनं सासऱ्यांसाठी तिथली व्हिस्की आणली आणि दाजी तिच्या प्रेमातच पडले. कारणही त्यांच्या स्वभावाला धरूनच. "स्कॉचला धूर असतो रे," ते मला म्हणाले, "धुरामागं काय वाट्टेल ते खपतं. ही बहुतेक बिनधुराची, तीनदा गाळलेली. हिला लपायला जागाच नाही." आयुष्यात एखाद्या वस्तूवर त्यांनी इतका विश्वास टाकलेला मी पाहिला नव्हता.

त्याच सुमारास त्यांच्या यकृतावर चरबी निघाली. डॉक्टरांनी दारू बंद करा म्हणून सांगितलं. दाजींनी डॉक्टर बदलला. दुसऱ्यानंही तेच सांगितलं, तेव्हा सोनोग्राफीवर शंका घेतली. दुसरीकडं काढली, तीही तशीच आली. मग त्यांनी निकाल दिला, की हे सगळे एकमेकांना कमिशन देतात. यमुनाताई पदर डोळ्याला लावून बसली होती. त्या दिवशी मी दाजींशी कडाडून भांडलो. "तुला कमिशन किती?" त्यांनी मला विचारलं. ताई मात्र त्यानंतर दारूबद्दल एक अक्षर बोलली नाही. मला वाटलं, थकली बिचारी.

दुसऱ्या डिसेंबरात दाजींनी फर्माईश केली, एकच नको, तीन वेगवेगळ्या आण. कुठली आपल्या जिभेला रुचते आणि कुठली नुसत्या खोक्याचे पैसे घेते, ते एकदा ठरवून टाकू. सत्यमनं आणल्या. एक हिरव्या बाटलीतली, मिश्र धान्याची, स्वस्तातली. दुसरी सिंगल माल्ट, म्हणजे नुसत्या मोड आणलेल्या जवाची. तिसरी सगळ्यांत महाग, पॉट स्टिल म्हणतात ती, मोड आणलेला जव आणि कच्चा जव एकत्र वापरून केलेली. दाजींनी सीलं भिंगातून तपासली, बाटल्या उजेडात धरल्या आणि मगच फोडल्या.

तो पहिला रविवार मला आठवतो. हिरवी हलकी, गोडसर, कुणाशी भांडण नसलेली. सिंगल माल्टला भिजवलेल्या खुबानीची गोडी. आणि पॉट स्टिल! आधी कच्च्या धान्याचा वास, मग जिभेवर साय धरल्यासारखं, शेवटी लवंगेचा चटका. दाजी डोळे मिटून म्हणाले, "हिची किंमत हिच्या तोंडावर दिसते." पण लगेच पुढं म्हणाले, "रोजच्या जेवणाला कुणी बासुंदी खात नाही. हिरवीला निम्म्या पैशात पाऊण आनंद आहे. निकाल घाईनं द्यायचा नाही." बाटल्या पुरवायच्या म्हणून पेग लहान केले आणि वर्षभर आलटून पालटून चाखायचं ठरलं. मीही कंबर कसली.

पण काही रविवार गेले आणि पॉट स्टिलची लवंग गेली. मग खुबानी गेली. दाजी ग्लास नाकाशी धरून बसायचे, हुंगायचे, मान हलवायचे. मला वाटलं, म्हाताऱ्याची जीभ गेली. पण माझीही गेली होती की काय? उन्हाळ्यापर्यंत तर तिन्ही बाटल्या डोळे मिटून ओळखेनात.

पहिला संशय अर्थातच माझ्यावर. एका रविवारी पाहतो तर तिन्ही बाटल्यांवर, दारूच्या पातळीला नेमका धरून, एकेक रबरबँड चढवलेला.

"हे काय दाजी?"

"काही नाही. बाटल्या हातातून निसटतात."

मला असा राग आला, की दोन रविवार गेलोच नाही. न जाण्यानंही संशय पक्काच होतो, हे लक्षात आल्यावर तिसऱ्या रविवारी मुकाट्यानं गेलो. रबरबँड जागच्या जागी होते. पिऊन झाल्यावर दाजी ते नव्या पातळीला सरकवायचे, पण मधल्या आठवड्यात ती केसभरही उतरत नव्हती. चव मात्र उतरतच होती.

"म्हणजे कुणी पीत नाही," दाजी म्हणाले.

"कुणी पाणी घालत असेल," मी चिडून बोललो.

दाजी हसले. आमच्याकडं नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. त्या दिवशी ताई पहाटेपासून पिंप, घागरी, कळश्या, तांबेसुद्धा भरून ठेवते. भाजी धुतलेलं पाणी तुळशीला जातं. "या घरात पाण्याचा थेंब वाया घालवणारं कुणी आहे का?" दाजींनी विचारलं. मलाही ते पटलं. आता आठवलं की स्वतःच्या अकलेची कीव येते.

हिवाळ्याच्या तोंडाशी त्यांनी आपली शेवटची परीक्षा केली. चांगली व्हिस्की घरच्या फ्रिजरमध्ये गोठत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. उरलेल्या तिन्ही बाटल्यांतली थोडी थोडी तीन वाट्यांत ओतून रात्रभर आत ठेवली. सकाळी मला फोन करून बोलावून घेतलं. तिन्ही वाट्यांत बर्फाचा चुरा झाला होता.

"बघ," दाजी म्हणाले. "तीन जातीच्या तीन बाटल्या, आणि तिघींचा आजार एकच. म्हणजे हात एकच. तिन्ही कुणी आणल्या?"

"दाजी, सील तुम्ही तपासलं होतं. आणि पहिल्या रविवारी चव होती."

"वरवर चव लावून देतात. आख्ख्या गाडीचं इंजिन बदलून नवी म्हणून विकलेली मी पाहिलीय. सील म्हणजे काय मोठंसं?" मग हळूच म्हणाले, "जो बाटलीत फसवतो, तो संसारात काय करत असेल? माझी पोर तिकडं एकटी आहे रे."

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. इतके दिवस गंमत होती. आता या माणसाच्या डोक्यात त्याच्या मुलीचं अख्खं घर तीन वाट्यांत गोठलं होतं.

त्या डिसेंबरात सत्यम आणि मनस्विनी आले. दुपारच्या जेवणाला सर्जेरावही सिल्लोडहून आले, सोबत ज्वारीचा हुरडा आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. ताईनं पुरण घातलं होतं. मी दाजींना हात जोडून सांगितलं होतं, आज नको. जेवण होईपर्यंत त्यांनी माझा शब्द राखला. मग सत्यमनं बॅगेतून दोन खोकी काढून समोर ठेवली आणि हसून विचारलं, "मामा, निकाल काय लागला मग? कोणती पसंत पडली?"

दाजी उठले. फ्रिजरमधून तीन वाट्या आणून त्यांनी खोक्यांच्या शेजारी मांडल्या.

"जावईबापू, मागच्या वर्षीच्या या तुमच्या तीन व्हिस्क्या. व्हिस्की गोठत नाही, पाणी गोठतं. तुम्ही फसलात की तुम्ही फसवलंत, एवढंच मला सांगा."

सत्यमला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. "मामा, विमानतळावरून घेतल्यात. तुमच्यासमोर फोडल्यात. मी असं कशाला करीन?"

"ते मला काय ठाऊक?"

सर्जेरावांनी सुपारीचा अडकित्ता खाली ठेवला. "साहेब, तुमी चोरून आमच्या दुकानात येऊन बसले, आमी हसण्यावारी नेलं. पोरीचा बाप हाय म्हणलं, काळजी असती. पण पोरगं लई हौसेनं आणतं तुमच्यासाठी. त्याला चोर म्हणू नका. चल रे सत्यम, उठ."

मनस्विनी उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज अगदी दाजींसारखा कोरडा झाला. "बाबा, मीही यांच्याबरोबर जातेय. पुन्हा या घरात यायचं की नाही, ते मला आता विचार करून ठरवावं लागेल."

दाजींनी वाट्या आणखी पुढं सरकवल्या. चूक आपली असू शकते, ही शक्यता त्यांच्या चेहऱ्यावर कुठंही नव्हती. मला त्या क्षणी त्यांचा तिटकारा आला.

सर्जेरावांनी चप्पल पायात घातली, तेव्हा ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या हातात सरबताची जुनी काचेची बाटली होती, काठोकाठ भरलेली, चहापेक्षा फिक्या रंगाची. तिनं ती तीन वाट्यांच्या मध्ये ठेवली.

"बसा व्याहीबुवा. ती दारू खरी होती. पाणी मी घातलंय."

सर्जेराव चपलेसकट दारातच थांबले.

"दर सोमवारी देव झाल्यावर थोडी काढायची, आणि तेवढंच उकळून गार केलेलं पाणी आत. रबरबँडपर्यंत. काढलेली इथं, लोणच्याच्या बरण्यांमागं. जावयानं प्रेमानं आणलेलं मोरीत ओतवेना." ती सत्यमकडं वळली. "माझ्यामुळं तुम्हाला बोल लागला. मला माफ करा."

दाजी तिच्याकडं बघत होते. आयुष्यात हजारो खोटी नुकसानं पकडलेला हा माणूस, आणि स्वतःच्या स्वयंपाकघरातलं एक कपाट त्यानं कधी उघडलं नव्हतं.

"मला सांगायचं होतंस," ते कसंबसं म्हणाले.

"सांगितलं नाही का? डॉक्टरांनी सांगितलं, त्यांच्यावर तुमचा विश्वास नाही. मशीनवर नाही. माझ्या भावावर नाही. पोटच्या पोरीच्या निवडीवर नाही." ताईनं सरबताची बाटली त्यांच्यापुढं सरकवली. "सगळ्या जगात एक माझ्यावर होता. मग तोच वापरला."

मग दाजी उठले आणि सर्जेरावांसमोर उभे राहिले. हात जोडायची त्यांना सवय नाही, त्यामुळे ते कसेतरीच जोडले गेले. "चुकलो," ते म्हणाले, "जावईबापू, तुमच्याशीही." सर्जेरावांनी त्यांचे हात धरून खाली केले, चप्पल काढली आणि पुन्हा बैठकीवर बसले. "बसा साहेब," ते म्हणाले, "तुमच्यापेक्षा विहीणबाई लई पक्क्या हायेत." मनस्विनी आईच्या गळ्यात पडून रडत होती.

निकाल त्याच दुपारी लागला. सर्जेराव माळकरी, ते हुरडा खात बसले. सत्यमनं नव्या खोक्यातली पॉट स्टिल फोडली. दाजींनी सील बघायला हात पुढं केला आणि मागं घेतला. मी हे स्वतः पाहिलं. त्यांनी घोटभर घेतली आणि ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं. पहिल्या रविवारी जिचं इतकं कौतुक केलं, तीच आता नुसती जाळत होती. मग सरबताच्या बाटलीतली घेतली. तिचाही तोच प्रकार. वर्षभरात ताईनं थेंबाथेंबानं त्यांची जीभच बदलून टाकली होती.

"कोणती आवडली, मामा?" सत्यमनं जपून विचारलं.

दाजींनी तळाशी दोन बोटं व्हिस्की उरलेला ग्लास ताईपुढं सरकवला. ती आत गेली, ग्लास पाण्यानं भरून घेऊन आली. त्यांनी एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

"पुढच्या वर्षी ती हिरवीच आण, स्वस्तातली," ते म्हणाले. "पाणी इथलंच पडणार आहे."

आता रविवारी एकच पेग असतो आणि तोही ताईच्या हातचा. दुधाची तारीख अजून दोनदा वाचली जाते, माझ्याकडं अजून तिरकं बघितलं जातं. पण बाटल्यांवरचे रबरबँड ताईनं काढून घेतले. शेवयांच्या पुड्यांना ते तिला बरे पडतात.