तीनदा चुकलं की अर्धा तास

माझ्या दाजींच्या खिशात पन्नास ग्रॅमचं एक पितळी वजन असतं. भाजीवाल्याच्या काट्यावर ते आधी हे वजन ठेवतात, आकडा बघतात आणि मगच भाजी घेतात. भाजीवाला पूर्वी चिडायचा. आता दाजी लांबून दिसले की स्वतःच म्हणतो, "या साहेब, टाका तुमचं वजन."

माणसाने बावीस वर्षं कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहावेत आणि एकाही यंत्रावर विश्वास ठेवू नये, हे मला कधी झेपलं नाही. माझं आणि माझ्या मोठ्या बहिणीचं, म्हणजे ताईचं, चष्म्याचं दुकान आहे. ती पडद्यामागे डोळे तपासते, मी पुढे बसून काचा बसवतो. यंत्रं आमच्याकडेही आहेत, आणि ती सांगतील तो नंबर आम्ही मुकाट्याने लिहून घेतो. दाजी मात्र दर वेळी तीन यंत्रांवर डोळे तपासून घेतात आणि तिन्हींचे आकडे जुळले की जास्तच अस्वस्थ होतात. "तिन्ही एकाच कारखान्यातली दिसताहेत," म्हणतात.

इमारतीतल्या सगळ्यांची दारं आता फोनवरून उघडतात. दाजींच्या दाराला अजून लोखंडी किल्ली आहे. "ज्या दाराला उघडण्याआधी दुसऱ्या कुणाची परवानगी लागते, ते दार माझं कसं?" हा त्यांचा प्रश्न. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर जखमेवर लावायची पट्टी चिकटवलेली. फोनमध्ये काही नवीन घालायचं झालं तर खाली बारीक अक्षरात ज्या अटी असतात, त्या ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. एकदा सतराव्या कलमावर अडले आणि त्या कंपनीला पत्र पाठवून बसले. उत्तर आलं नाही, म्हणून त्यांचा संशय पक्का झाला.

घरात सगळ्या गोष्टी दोन. दोन छत्र्या, दोन कात्र्या, गॅसच्या दोन शेगड्या. माझ्याकडून चष्मेसुद्धा जोडीने घेतात. "एकच प्रत असणं म्हणजे काहीच नसणं," असं त्यांचं म्हणणं. अपवाद फक्त फोनचा. फोन एकच, तोही कंपनीने दिलेला. "कानाला एक जळू पुरे. आणि कंपनीचा असला की निदान कोण ऐकतंय ते तरी ठाऊक असतं."

नोकरीतही तीच तऱ्हा. तीनदा त्यांना वरच्या खुर्चीवर बसवायला निघाले होते आणि तिन्ही वेळा यांनी नकार दिला. ताई तेव्हा आठवडाभर धुमसत होती. दाजी शांतपणे म्हणाले, "तिथे गेल्यावर काम दिसत नाही, काम झाल्याची बातमी दिसते. बातम्या मी कशाला वाचत बसू?" ते स्वतः तर कुठलंही काम "झालं" असं म्हणतच नाहीत. फार तर "माझ्याकडे तरी चालतंय" म्हणतील. ताईने आमटीत मीठ बरोबर आहे का विचारलं, तर तीन घास खाऊन म्हणणार, "आत्तापर्यंत तरी बरोबर आहे."

या सगळ्याची मी यथेच्छ टिंगल करायचो. खोटं कशाला बोलू, आमच्या घरात हसायला दुसरं होतंच काय?

मग दोन वर्षांपूर्वी दाजींनी शब्द काढला. जेवता जेवता त्यांनी जाहीर केलं, की आता यंत्राला कुणाचाही आवाज काढता येतो, तेव्हा आवाजावरून माणूस ओळखायचे दिवस संपले. अनोळखी नंबरवरून आपल्यापैकी कुणाचा फोन आला आणि त्याने मदत मागितली, की आधी शब्द विचारायचा. घरातल्या चौघांना एकच शब्द. तो दर तीन महिन्यांनी पहिल्या तारखेला बदलणार आणि कुठेही लिहून ठेवायचा नाही.

"मग तुमच्या लाडक्या लेकीचं नाव ठेवा की," मी म्हटलं.

"प्रेमाचं काही नको," दाजी म्हणाले. "चोर आधी प्रेमाचंच शोधतो."

म्हणून शब्द असे निघाले, की कुणाचा त्यात जीव अडकलेला नसावा. चिमटा. किसणी. पाचर. बिजागरी. शिवाय दोन कलमं, तीही त्यांनी बोट वर करून सांगितली. कुणी जुना शब्द सांगितला, तर तो हमखास चोर, कारण जुना शब्द कधीतरी फुटलेला असतोच. आणि तीनदा चुकलं, की फोन बंद आणि अर्धा तास त्या नंबरवर बोलणं नाही. "ऑफिसात असंच असतं," ते म्हणाले. "अर्धा तास दार बंद राहिलं, की चोर कंटाळून दुसरीकडे जातो."

याचा पहिला फटका भाचीला बसला. ती शिकायला परगावी असते. तिचा फोन हरवला, तिने मैत्रिणीच्या फोनवरून बापाला फोन लावला आणि बिचारीने गडबडीत तीनदा "चिमटा" म्हटलं. शब्द बदलून दोन दिवस झाले होते. दाजींनी पोटच्या पोरीचा फोन कापला. मी समोर बसलो होतो. अर्धा तास ते घड्याळापुढे खुर्ची टाकून बसले, पाणीसुद्धा प्यायले नाहीत, आणि एकतिसाव्या मिनिटाला स्वतः फोन लावून म्हणाले, "चूक तुझी नाही बाळा, शब्द जुना होता." भाची महिनाभर बापाशी बोलली नाही. ताईने डोक्याला हात लावला. दाजींना मात्र वाटत होतं, की व्यवस्था नीट चालली.

दोन महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी ते दुकानात आले आणि ताई पडद्याआड आहे हे पाहून माझ्या कानाशी लागले. "मला काढणार आहेत," म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"सांगतील कशाला? दिसतंय." त्यांच्याकडे खुणा तयार होत्या. साहेब, जो इतकी वर्षं अरेतुरे करायचा, तो अचानक अहोजाहो करू लागला होता. त्यांना डोक्यात आहे ते सगळं लिहून काढायला सांगितलं होतं, 'सवडीने' असं म्हणून. गेटवर कार्ड टेकवलं की दार पूर्वीपेक्षा उशिरा उघडत होतं. आणि कंपनीने कामाला एक नवा मदतनीस आणला होता. माणूस नव्हे, यंत्र. प्रोग्राम ते लिहिणार आणि दाजींनी दिवसभर त्याच्या चुका काढायच्या.

"चूक दाखवली की ते लगेच म्हणतं, अगदी बरोबर, लक्षात आणून दिल्याबद्दल आभार," दाजी सांगत होते. "बावीस वर्षांत एकाही माणसाने इतक्या पटकन चूक कबूल केली नाही. म्हणून तर मला त्याची भीती वाटते. मी त्याला शिकवतोय रे. मी गेलो, की ते माझ्या जागी बसणार, आणि मी त्याची हजेरी घेतोय."

मी हसलो. म्हटलं, "दाजी, तुम्हाला गादीतल्या कापसातही कॅमेरा दिसतो."

ते हसले नाहीत. "ताईला बोलू नकोस. अजून खात्री नाही." एवढं म्हणून निघून गेले, आणि मीही ते डोक्यातून काढून टाकलं. आता त्या हसण्याची मला लाज वाटते.

परवा मंगळवारी दुपारी तीनच्या सुमाराला दुकानातला फोन वाजला. ताई पडद्यामागे एका म्हाताऱ्या बाईंचे डोळे तपासत होती. बाई भिंतीवरची अक्षरं इतकी धडाधडा वाचत होत्या, की मला पाठांतराचा संशय येत होता. नंबर अनोळखी होता.

"मी बोलतोय," पलीकडून आवाज आला.

"मी म्हणजे कोण?"

"अरे, मी. मला न्यायला ये. इथे गेटवर आहे. एकट्याला घरी येववत नाही."

आवाज दाजींचाच होता. पण आवाजाला किंमत द्यायची नाही हे त्यांनीच शिकवलेलं. शिवाय बोलणं त्यांचं नव्हतं. वीस वर्षांत या माणसाने माझ्याकडे साधी छत्री मागितली नाही, कारण त्यांच्याकडे दोन असतात. मी सावध झालो.

"शब्द सांगा," मी म्हटलं.

"शब्द. हो, शब्द." मग, "बिजागरी."

तो गेल्या खेपेचा होता. नवा शब्द लागू होऊन चार दिवस झाले होते. "जुना," मी म्हटलं.

"पाचर."

"तोही जुना."

"थांब. सांगतो. जरा थांब." श्वास जोरात चालल्याचं ऐकू येत होतं. "किसणी."

"तीन झाले," मी म्हटलं. खरं सांगतो, मला मजा येत होती. एवढा मोठा चोर मी, चष्मेवाल्याने, पकडला होता, आणि संध्याकाळी दाजींना हे कसं रंगवून सांगायचं ते मनात जुळायलाही लागलं होतं.

मग तो आवाज हळूच म्हणाला, "हो. तीन झाले. बरोबर केलंस. ठेव."

मी ठेवला.

ताई बाहेर आल्यावर मी छाती पुढे काढून सगळं सांगितलं. चोराला कसे एकामागून एक जुने शब्द ठाऊक होते, मी कसा हललो नाही. ती काच पुसत ऐकत होती.

"शेवटी काय म्हणाला?"

"म्हणाला, बरोबर केलंस, ठेव."

तिचा हात थांबला. "चोर कधी स्वतःहून फोन ठेव म्हणतो का रे?"

शंका घेतली म्हणून शाबासकी देणारा माणूस या जगात एकच आहे, आणि त्याचा फोन मी कापला होता.

"न्यायला ये म्हणाले?" ताईने विचारलं. "असंच म्हणाले?"

तेव्हा मला ते दोन महिन्यांपूर्वीचं बोलणं सांगावं लागलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने फक्त काच खाली ठेवली.

"मला आलाच होता अंदाज," ती म्हणाली. "महिनाभर मीठ विचारलं, की 'ठीक आहे' म्हणताहेत. घास घ्यायच्या आधीच. त्यांनी कधी कशाला ठीक आहे म्हटलंय?"

मी त्याच नंबरवर फोन लावला. उचलला तो त्यांच्या कंपनीच्या वॉचमनने. "हो हो, माझाच फोन आहे. साहेबांचा फोन आतच काढून घेतला ना, म्हणून दिला. समोर बाकावर बसलेत." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मी म्हटलं, पुन्हा लावा हवं तर. ते म्हणाले, आत्ता लावून उपयोग नाही, अर्धा तास थांबावं लागेल. घड्याळाकडे बघत बसलेत. बरं नाहीये का हो त्यांना? बोलावू का?"

"नको," ताईने माझ्या हातातून फोन घेऊन सांगितलं. "येतोच आम्ही."

म्हाताऱ्या बाई पडद्यातून डोकावत होत्या. ताईने त्यांना उद्या यायला सांगितलं. "जा गं तू," त्या म्हणाल्या. "मला काय, ती अक्षरं पाठच आहेत." मी कुलूप लावलं आणि आम्ही निघालो. वाटेत मी स्वतःला इतक्या शिव्या घातल्या, की एरवी दुसऱ्या कुणाला घालायला धजलो नसतो.

गेटबाहेर भिंतीला टेकून एक सिमेंटचा बाक होता. दाजी त्यावर ताठ बसले होते. शेजारी पुठ्ठ्याचा खोका. खोक्यात दोन कप, दोन टेबलावरचे दिवे, चष्म्याची दोन घरं. गेटचं काचेचं दार आपोआप उघडत मिटत होतं आणि माणसं कार्ड टेकवून आत जात होती. कुणी दाजींकडे बघत नव्हतं, किंवा न बघण्याची काळजी घेत होतं. त्यांनी डावं मनगट मांडीवर ठेवून घड्याळ समोर धरलं होतं, आणि उजव्या मुठीत ते पितळी वजन होतं.

आम्हाला बघून ते उठले नाहीत. ताईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा घड्याळाकडे.

"अजून सात मिनिटं आहेत," ते म्हणाले.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ताईने मला हाताने गप्प केलं. तिने खोका उचलून खाली ठेवला आणि त्या जागी बसली. "मग बसू की," ती म्हणाली.

ते दोघं सात मिनिटं बसून राहिले. मी वॉचमनच्या खोलीला टेकून उभा होतो. एवढी लांब सात मिनिटं मी आयुष्यात पाहिली नाहीत. दाजींची नजर काट्यावरून हलली नाही. ताईने त्यांच्या मुठीतलं वजन काढून स्वतःच्या पिशवीत टाकलं, तेही त्यांनी टाकू दिलं.

मग त्यांनी हात खाली घेतला.

"झाकण," ते म्हणाले. "शब्द झाकण आहे." आणि ताईकडे वळून, "मला काढलं गं."